टाकी किती भरलीये ते मराठीत सांगणारा डिस्प्ले : प्रकल्प नोंदी

८ जून

गच्चीवरची टाकी किती भरलीये हे कळायला आमच्याकडे दोनच पद्धती आहेत, एक म्हणजे जिना चढून झाकण उघडून बघायचं आणि दुसरी म्हणजे ओव्हरफ्लोचं पाणी खाली पार्किंगमधल्या गाड्यांवर पडायला लागलं की मोटर बंद करायला धावायचं. म्हणून स्वयंपाकघरात एक छोटा डिस्प्ले लावायचा असं ठरवलंय. आईची एकच अट, मराठीत असेल तर लाव, नाहीतर अजून एक लाल-हिरवा दिवा नकोय मला भिंतीवर. मला तेव्हा वाटलं मराठी काय, फाँट टाकला की झालं.

मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे कोड टाकून चालवायच्या छोट्या संगणक-चिपचा, अनुभव शून्य. म्हणून अर्डुइनो उनो हाच तयार बोर्ड घ्यायचा, ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोकांनी डोकं फोडून झालंय ते बरं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जाऊन उनोचा क्लोन (नक्कल), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी), जंपर वायरी, १० के चा पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायची कळ) आणि १६ बाय २ चा, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, निळा एलसीडी घेतला. दुकानदाराने विचारलं, "दादा, आयटूसी लावलेला देऊ का साधा?" फरक विचारला तर म्हणाला साध्याला सोळा पिना, याला चार. आयटूसी म्हणजे दोनच तारांवरून चिपांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. चारवाला घेतला, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

१० जून

लॅपटॉपला बोर्ड जोडला, पोर्टच दिसेना. क्लोनवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची वेगळी चिप असते, तिचा ड्रायव्हर टाकला की पोर्ट येतो. टाकला, आला, १३ नंबर पिनवरचा एलईडी ब्लिंक झाला. एवढंच.

१२ जून

एलसीडी जोडला. मागच्या पाटीवर चारच पिना आहेत, जीएनडी, व्हीसीसी, एसडीए, एससीएल. उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५, पॉवर ५ व्होल्टवरून. कोड टाकला, बॅकलाइट झकास पेटला आणि स्क्रीनवर काहीही नाही. नुसता निळा प्रकाश.

नवशिक्यांसाठी हे आधीच लिहून ठेवतो कारण इथेच निम्मे लोक डिस्प्ले खराब निघाला म्हणून परत करायला जातात. मागच्या पाटीवर एक निळा चौकोनी प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) असतो, बारीक प्लसचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो हळूहळू फिरवायचा. तो कॉन्ट्रास्ट आहे. एका टोकाला काहीच दिसत नाही, दुसऱ्या टोकाला सगळे चौकोन भरलेले दिसतात आणि मधे कुठेतरी एका जागी अक्षर वाचता येतं. मी फिरवला तर वरच्या ओळीत सोळा भरीव चौकोन आले आणि खालची ओळ कोरी. हे चौकोन म्हणजे डिस्प्लेला करंट पोचलाय पण त्याला सुरू कर असं अजून कोणी सांगितलेलं नाहीये. म्हणजे काच, बॅकलाइट सगळं ठीक आहे, गडबड बोलण्यात आहे.

१५ जून

बोलण्यातली गडबड सापडली. आयटूसीवर प्रत्येक वस्तूला पत्ता असतो आणि या पाटीवरची चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता साधारणपणे हेक्स (सोळाच्या मोजणीतला आकडा) २७ असतो, तीच चिप शेवटी ए लावलेली असेल तर हेक्स ३एफ. दोन्ही पाट्या दिसायला सारख्याच. बहुतेक उदाहरणांत २७ लिहिलेलं असतं, माझी निघाली ३एफवाली. आयटूसी स्कॅनर नावाचं छोटं स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) मिळतं, ते सगळ्या पत्त्यांवर हाका मारतं आणि जो ओ देईल त्याचा पत्ता लॅपटॉपवरच्या सिरियल मॉनिटरच्या खिडकीत छापतं. ते आधी चालवायचं आणि मगच बाकीचा कोड, हा आता माझा नियम.

अजून एक किरकिर, लिक्विडक्रिस्टल आयटूसी याच नावाच्या एकापेक्षा जास्त लायब्ऱ्या (तयार कोडचे गठ्ठे) फिरतायत. एकीत सुरुवातीला इनिट म्हणायचं असतं, दुसरीत बिगिन. उदाहरण एकीचं आणि बसवलेली लायब्ररी दुसरी असली की कंपायलर लाल होतो आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

पत्ता बदलल्यावर अक्षरं उमटली. रोमन अक्षरं अर्थातच.

२१ जून

आता मराठी. इथे खरी मजा सुरू झाली आणि आजचा अख्खा शनिवार गेला.

या एलसीडीच्या आत एचडी४४७८० नावाच्या कंट्रोलरचीच पद्धत चालते, हिताचीने १९८० च्या दशकात काढलेला. त्याच्या रॉममध्ये रोमन अक्षरं आहेत, जपानी काताकाना आहेत, देवनागरी नाही. पण आपली अक्षरं काढून टाकायला आठ घरं रिकामी ठेवलेली आहेत, त्याला सीजीरॅम म्हणतात, एकूण ६४ बाइट. एक अक्षर म्हणजे पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच.

आलेखवही काढून बसलो. शिरोरेघ सगळ्यात वरच्या ओळीत टाकली तर 'की'ची वेलांटी कुठे जाणार? म्हणून शिरोरेघ तिसऱ्या ओळीत आणली, वरच्या दोन ओळी वेलांटीला दिल्या, आता अक्षराच्या पोटाला उरल्या पाच ओळी. ट पाच ओळींत छान बसतो. र बसतो. क बसवणं म्हणजे शिक्षा आहे, मधला दांडा एक ठिपका, डावीकडे गोल करायला दोन ठिपके आणि उजवीकडची शेपटी दोन ठिपक्यांत, जे काही होतं त्याला क म्हणायला मन मोठं लागतं.

मग हिशोब केला. 'टाकी' साठी ट, काना, क, दीर्घ वेलांटी अशी चार घरं. 'भरली' साठी भ, र, ल अजून तीन, वेलांटी तीच वापरायची. झाली सात. 'रिकामी' लिहायला ऱ्हस्व वेलांटी आणि म लागणार, झाली नऊ. घरं आठ. आकडे तर अजून धरलेच नाहीयेत, ते दहा आहेत.

यावर उपाय आहे, घरं कायमची नसतात, चालू असताना परत लिहिता येतात. टाकी एका वेळी भरलेली तरी असते नाहीतर रिकामी, म्हणून जो शब्द दाखवायचा त्याचीच अक्षरं त्या वेळी भरायची. फक्त क्रिएटचार (घरात अक्षर भरायची आज्ञा) म्हटल्यावर लगेच सेटकर्सर (स्क्रीनवरची जागा ठरवायची आज्ञा) म्हणायला लागतं, नाहीतर पुढचं जे काही छापाल ते स्क्रीनवर न जाता त्या घरांमध्येच लिहिलं जातं आणि आधी काढलेल्या अक्षरांचा चिवडा होतो. शिवाय एखाद्या घरातलं अक्षर बदललं की ते स्क्रीनवर जिथे जिथे असेल तिथे सगळीकडे त्याच क्षणी बदलतं, हे बघायला मात्र भारी वाटलं.

संध्याकाळपर्यंत 'टाकी भरली' उमटलं. आणि मग दिसलं की या काचेवर दोन घरांच्या मधे एक बारीक फट असते. म्हणजे कारखान्यातूनच तिथे ठिपका नाही, कोडने ती भरता येत नाही. इंग्रजीला ती फट सोयीची, अक्षरं सुटी राहतात. आपली शिरोरेघ मात्र प्रत्येक अक्षरागणिक तुटते, काना वेगळा उभा, वेलांटी वेगळी उभी. आईने चष्मा लावून वाचलं, "टा... की का? बरंय," म्हणाली. त्या 'बरंय' मध्ये सगळं आलं.

२२ जून

एलसीडी बाद. सलग ठिपक्यांचा डिस्प्ले पाहिजे, जिथे घरं नाहीत, नुसती ठिपक्यांची जमीन आहे. ओलेड घ्यायचा, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो तो, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा.

२८ जून

पेठेत ओलेड दोन साइजमध्ये मिळाला, ०.९६ इंच आणि १.३ इंच. छोट्यातल्या एका प्रकारात वरच्या सोळा ओळी पिवळ्या आणि खालच्या अठ्ठेचाळीस निळ्या असतात, तो मला नको होता. मोठा वाचायला बरा. काउंटरवर विचारलं दोन्हीला कोड सेम का, तर ठामपणे "सेम टू सेम". सेम नाहीये. छोट्यात बहुतेक वेळा एसएसडी१३०६ कंट्रोलर असतो आणि १.३ इंचीत बहुतेक वेळा एसएच११०६. या दुसऱ्याच्या मेमरीत १३२ कॉलम आहेत आणि काचेवर दिसतात मधले १२८. त्यामुळे पहिल्याचा ड्रायव्हर वापरला तर चित्र दोन ठिपके डावीकडे सरकतं, डावीकडचे दोन कॉलम गायब आणि उजव्या कडेला दोन ठिपक्यांची एक उभी कचऱ्याची पट्टी, जी तुम्ही स्क्रीन कितीही वेळा पुसलीत तरी जात नाही. काही लायब्ऱ्यांत तर चित्रच येत नाही, नुसते मुंग्यांसारखे ठिपके. यू८जी२ या डिस्प्लेच्या लायब्ररीत कंट्रोलरचं नाव बदललं की प्रश्न मिटतो, ही लायब्ररी दोन्ही ओळखते.

जोडण्याच्या आधीच्या दोन गोष्टी. पिनांचा क्रम पाटीवर वाचून घ्यायचा, काहींवर जीएनडी आधी असतो आणि काहींवर व्हीसीसी, दोन्ही मॉड्यूल शेजारी ठेवली तर जुळी वाटतात आणि उलटी पॉवर दिली तर डिस्प्ले मरू शकतो. दुसरं म्हणजे हेडर पिना सोबत सुट्या येतात, त्या नुसत्या भोकांत खुपसून चालत नाही. हलवलं की चालू, सोडलं की बंद असा खेळ होतो. सोल्डरिंग करायलाच लागतं, चारच टाके आहेत, ब्रेडबोर्डमध्ये पिना उभ्या खोचायच्या, वर मॉड्यूल ठेवायचं आणि मग आयर्न लावायचं म्हणजे पिना सरळ राहतात.

पत्त्याची गंमत इथेही आहे. पाटीच्या मागे हेक्स ७८ आणि ७ए छापलंय, स्कॅनर सांगतो ३सी. दोन्ही खरं आहे. आयटूसीचा पत्ता सात बिटांचा, तारेवर जाताना त्याच्या शेवटी वाचायचंय का लिहायचंय हे सांगणारा आठवा बिट लागतो, ३सी एक घर डावीकडे सरकवला की ७८ होतो. कारखान्यावाल्यांनी सरकवलेला छापलाय. अर्डुइनोच्या लायब्ऱ्यांना साधारणपणे न सरकवलेला लागतो.

५ जुलै

यू८जी२ मध्ये युनिफाँट या ठिपक्यांच्या फाँटचा देवनागरी भाग तयार मिळतो, सोळा ठिपके उंच. ड्रॉयूटीएफ८ म्हणायचं आणि मराठी स्ट्रिंग द्यायची, एवढं सोपं. एलसीडीवर आलेखवही घेऊन केलेली हमाली आठवून जरा रागच आला.

'टाकी भरली' टाकलं, वाचता आलं. शिरोरेघ सलग. मग 'टाकी रिकामी' टाकलं आणि स्क्रीनवर आलं 'टाकी रकिामी'.

थोडा वेळ बघतच बसलो. मग लक्षात आलं की लायब्ररी तिच्या जागी बरोबर आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना आकडे द्यायच्या पद्धतीत, 'रि' साठवताना आधी र आणि मग वेलांटी असाच क्रम असतो, आपण बोलतो तसा. दिसताना वेलांटी आधी पाहिजे. हे उलटवायचं काम, जोडाक्षरं जुळवायचं काम, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचं काम फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये एक वेगळं सॉफ्टवेअर करत असतं, त्याला शेपिंग म्हणतात, अँड्रॉइड आणि क्रोममध्ये हार्फबझ नावाचं इंजिन आहे त्यासाठी. आपल्याला ते दिसतच नाही कारण ते कायम चालू असतं. उनोवर ते नाहीये आणि ३२ केबीच्या फ्लॅशमध्ये (कोड ठेवायच्या मेमरीत) ते मावणारही नाही. इथे लायब्ररी फक्त एकापाठोपाठ एक चित्रं ठेवत जाते, र ठेवला, मग वेलांटी ठेवली, ती वेलांटी क ला जाऊन चिकटली. मराठी येत नसलेल्या माणसाला पाटी रंगवायला दिली तर तो जे करेल तेच.

६ जुलै

जुगाड चालला. शेपिंग नाहीये ना, मग आपणच क्रम उलटा टाइप करायचा. कोडमध्ये वेलांटी आधी, र नंतर. एडिटरमध्ये ते भयाण दिसतं, वेलांटीला अक्षर सापडत नाही म्हणून ती ठिपक्यांच्या गोलाला लटकते, पुढे 'रकामी'. आणि ओलेडवर स्वच्छ 'रिकामी'. म्हणजे लॅपटॉपवर चुकीचं दिसतं तेव्हा डिस्प्लेवर बरोबर येतं. कोडमध्ये शेजारी कॉमेंट टाकून ठेवलीये की हे दुरुस्त करू नका, कारण पुढच्या वर्षी उघडल्यावर मीच दुरुस्त करीन.

आकड्यांसाठी याहून सोपं आहे. देवनागरी शून्य युनिकोडमध्ये हेक्स ०९६६ वर बसलेलं आहे आणि नऊपर्यंत सगळे ओळीने. ड्रॉग्लिफला (एकच अक्षर काढायची आज्ञा) ०९६६ अधिक तो अंक दिला की झालं. टक्क्यांचे अंक सुटे करायचे आणि एकेक छापायचा.

१२ जुलै

आईला टक्के नकोत. "अर्धी असेल तर अर्धी लिही की सरळ, पन्नास टक्के काय, परीक्षा आहे का." मागणी रास्त आहे. पण 'अर्धी' मध्ये रफार आहे आणि तो क्रम उलटवून होत नाही. फाँटमध्ये रफाराचं सुटं चित्रच नाही, मिळतो फक्त र आणि त्याला हलन्त. 'निम्मी' म्हटलं तर तिथे अर्धा म. म्हणजे मराठी लिहायला बसलं की जोडाक्षर कुठूनतरी येऊन उभं राहतंच.

शेवटी फाँटचा नाद सोडला आणि शब्दांची चित्रं केली. शब्द चारच आहेत, रिकामी, अर्धी, भरत आली, भरली. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये १२८ बाय ३२ चं पांढरं चित्र, त्यावर मुक्ता फाँटमध्ये काळा शब्द, कडा गुळगुळीत करायचा पर्याय बंद, रंग एक बिटाचे, आणि एक्सबीएम (ठिपके कोडच्या रूपात देणारी फाइल) म्हणून एक्सपोर्ट. लॅपटॉपवर शेपिंग झालेलंच असतं, आपण नुसता फोटो उचलतोय.

पण एवढ्या लहान साइजला संगणक जे ठिपके निवडतो ते आंधळेपणाने निवडतो. 'अर्धी' मोठं करून बघितलं तर रफार आणि वेलांटीचं टोक एकमेकांत घुसून वर एक गोळा झाला होता, शिरोरेघ अ वर दोन ठिपके जाड आणि धी वर एकच. पेन्सिल टूल घेऊन एकेक ठिपका हाताने हलवला. रफाराच्या कोयरीखाली एक ठिपका मोकळा ठेवला तेव्हा तो रफार दिसायला लागला. एका ठिपक्याने एवढा फरक पडतो हे मला पटलं नसतं, आता कुठल्याही डिजिटल पाटीवर मराठी दिसली की आधी रफार बघतो.

एक्सबीएम घेताना एक सांभाळायचं, त्यात प्रत्येक बाइटचा सगळ्यात खालचा बिट डावीकडे असतो. बिटमॅप करून देणारी काही साधनं बरोब्बर उलटं देतात. तसं झालं तर शब्द साधारण जागेवर असतो पण प्रत्येक आठ ठिपक्यांची पट्टी आरशात बघितल्यासारखी उलटते आणि अक्षरं किसलेली दिसतात. तसं दिसलं तर वायरिंग तपासत बसू नका, बिटांचा क्रम बदला.

१३ जुलै

कंपायलर म्हणतो मेमरी संपली. हिशोब बघा. एक चित्र १२८ गुणिले ३२ भागिले ८, म्हणजे ५१२ बाइट. चार चित्रं म्हणजे २०४८. उनोच्या एटीमेगा३२८ चिपची सगळी रॅम (काम चालू असतानाची मेमरी) २०४८ बाइटच आहे. नुसत्या चार शब्दांनी अख्खं घर भरलं, डिस्प्लेला बसायला जागा नाही.

नुसतं कॉन्स्ट लिहून भागत नाही, या चिपवर तरीही ते रॅममध्येच जातं. सोबत प्रोगमेम लिहायचं म्हणजे चित्रं फ्लॅशमध्ये राहतात, आणि काढताना ड्रॉएक्सबीएम नाही, शेवटी पी असलेलं ड्रॉएक्सबीएमपी वापरायचं. फ्लॅश ३२ केबी आहे, तिथे ही चार चित्रं कुठे जातात कळतही नाही.

दुसरी बचत म्हणजे स्क्रीनचा बफर. पूर्ण स्क्रीन रॅममध्ये ठेवायची तर १०२४ बाइट, निम्मी रॅम गेली. यू८जी२ मध्ये डिस्प्लेच्या नावात एफ च्या जागी १ लिहिलं की ती १२८ बाइटमध्ये भागवते, स्क्रीनचे आठ आडवे पट्टे करते आणि एकेक पट्टा काढून पाठवते. वेळ थोडा जास्त लागतो, पाण्याच्या टाकीला काय घाई आहे.

२० जुलै

सेन्सर अजून लावलेला नाही. त्याच्याऐवजी ए० वर पॉट जोडलाय, ० ते १०२३ येतं त्याचे टक्के करायचे, पॉट फिरवला की टाकी भरते. एकदम दोन गोष्टी जोडल्या की बिघाड कुठल्या वस्तूत आहे ते कळत नाही, म्हणून डिस्प्ले पूर्ण होईपर्यंत पॉटच टाकी.

पॉट फिरवत असताना एक विचित्र प्रकार दिसला, मधेच एखादा अंक वरून ६ आणि खालून ७ असा यायचा, क्षणभरच. हे पट्ट्यांमुळे. पॉट वाचायची ओळ पट्टे काढायच्या लूपच्या आत होती, त्यामुळे वरचा पट्टा काढताना एक किंमत आणि खालचा काढेपर्यंत दुसरी. वाचन लूपच्या बाहेर काढलं, एकदा वाचायचं, व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, तेच आठही पट्ट्यांना वापरायचं. थांबलं.

शब्दांच्या सीमेवरची फडफडही काढली. पॉट बरोबर ५० वर असला की 'अर्धी' आणि 'भरत आली' आळीपाळीने नाचायचे. आता वर जाताना ५२ ला शब्द बदलतो आणि खाली येताना ४८ ला. टाकीत पाणी पडताना पृष्ठभाग हलतच असतो, तिथे हे लागणारच होतं.

२६ जुलै

ओलेड कायम चालू ठेवला तर जे ठिपके सतत पेटतात ते काही महिन्यांनी मंद पडायला लागतात आणि शब्दाची सावली राहते. म्हणून एक पुश बटण लावलंय, दाबलं की तीस सेकंद स्क्रीन पेटते आणि मग सेटपॉवरसेव्ह या आज्ञेने बंद होते. 'भरली' झालं की मात्र न दाबता पेटते, आणि शेजारी बझर लावायचा विचार आहे.

आत्ता स्क्रीनवर वर शब्द, खाली एक चौकट आणि तिच्यात भरत जाणारी पट्टी, कोपऱ्यात बारीक टक्के. टक्के माझ्यासाठी. आईने बटण दाबून वाचलं, चष्म्याशिवाय, आणि विचारलं की हे खरं पाणी केव्हा दाखवणार.

त्यासाठी पुढचं सामान, झाकणाला आतून लावायचा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर. साधा एचसी-एसआर०४ टाकीतल्या वाफेत टिकणार नाही. वॉटरप्रूफवाल्याला तोंडाशी साधारण वीसेक सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, त्यामुळे तो पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपासून तेवढा उंच बसवायला लागेल आणि आमच्या टाकीच्या झाकणाखाली तेवढी जागा आहे का ते टेप घेऊन बघायचंय. डिस्प्लेची वायर गच्चीपर्यंत न्यायची नाही हे नक्की, आयटूसी बोर्डावरच्या बोर्डावर बोलायला केलेलं आहे, जिन्याने चार मजले चढायला नाही. उनो आणि ओलेड दोन्ही खाली स्वयंपाकघरात, वर जाईल ती सेन्सरची केबल, आणि ती एवढ्या लांबीवर नीट चालली नाही तर वर दुसरा बोर्ड ठेवून आकडा आरएस-४८५ या लांब तारांवर चालणाऱ्या पद्धतीने खाली आणायचा. पाऊस उघडला की टाकीचं माप घेतो.